डब्याच्या बुडाशी असलेला १ ते ७ हा आकडा काय सांगतो? 'रेझिन कोड'चा खरा अर्थ

घरातला एखादा प्लास्टिकचा डबा किंवा पाण्याची बाटली उलटी करून बघा. बुडाशी एक छोटा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा दिसेल. या आकड्यांवरून व्हॉट्सअॅपवर कितीतरी वर्षं मेसेज फिरतायत. '१ असेल तर बाटली एकदाच वापरा', '५ असेल तर बिनधास्त वापरा', '७ म्हणजे विष, आजच फेकून द्या', असा त्यांचा साधारण सूर असतो.

गंमत म्हणजे यातला एकही अर्थ त्या आकड्याला मुळात दिलेलाच नाही. तो आकडा फक्त एकच गोष्ट सांगतो: ही वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे. ती खाण्यासाठी सुरक्षित आहे का, त्यात गरम पदार्थ चालेल का, ती किती वेळा वापरावी, यातलं काहीही तो सांगत नाही.

हा फरक फक्त शब्दांचा असता तर सोडून देता आला असता. पण आकड्यावर भरवसा ठेवून लोक पाणी कशात साठवायचं, मुलांना डबा कशात द्यायचा हे ठरवतात. म्हणून या आकड्याचा अर्थ नीट समजून घेऊ.

रेझिन कोड म्हणजे काय?

या आकड्याचं तांत्रिक नाव 'रेझिन आयडेंटिफिकेशन कोड', म्हणजे रेझिन ओळखण्याची खूण. रेझिन या शब्दाचा एक अर्थ झाडाची राळ असा आहे, पण प्लास्टिक उद्योगात रेझिन म्हणजे वस्तू बनवण्याआधीचा कच्चा माल. तो साबुदाण्यासारख्या छोट्या दाण्यांच्या रूपात येतो, म्हणून आपल्याकडे धंद्यात त्याला सरळ 'दाणा' म्हणतात. हा दाणा वितळवून साच्यात घातला की बादली, बाटली, खुर्ची, पाईप काहीही तयार होतं.

आपण सगळ्यालाच प्लास्टिक म्हणतो, पण हे दाणे एकमेकांपासून फार वेगळे असतात. लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम यांना नुसतं 'धातू' म्हटल्यावर जसं काहीच कळत नाही, तसंच प्लास्टिकचंही आहे.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ द प्लास्टिक्स इंडस्ट्री' या उद्योग संघटनेने १९८८ मध्ये ही पद्धत सुरू केली. त्या काळात तिथल्या शहरांमध्ये घरोघरी वेगळा कचरा गोळा करायला सुरुवात होत होती. पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपुढे प्रश्न होता, की समोर आलेल्या ढिगातली कोणती बाटली कशाची हे ओळखायचं कसं?

ओळखणं गरजेचं होतं, कारण वेगवेगळ्या जातींचं प्लास्टिक एकत्र वितळत नाही. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक साधारण २५० अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं. त्याच्यात चुकून पीव्हीसीचे तुकडे आले तर ते तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. ते जळकट होतात आणि त्यातून हायड्रोजन क्लोराईड हा आम्लधर्मी वायू निघतो. थोड्याशा पीव्हीसीने पेटचा सगळा घाणा खराब होऊ शकतो. म्हणून प्रत्येक वस्तूवर साच्यातच जातीचा आकडा उमटवायचा, म्हणजे पुढे निवडणाऱ्याला सोपं जाईल, अशी कल्पना होती. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी बाटल्या-डब्यांवर हा आकडा कायद्याने सक्तीचा केला आणि तिथून तो जगभर पसरला.

भारतात प्लास्टिकच्या पुनर्प्रक्रियेसाठी आयएस १४५३४ हे मानक आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये त्याचा उल्लेख आहे आणि त्यातही हीच सात चिन्हं येतात.

थोडक्यात, हा आकडा ग्राहकासाठी नव्हताच. तो भंगार निवडणाऱ्यासाठी होता.

सात आकडे आणि आपल्या घरातल्या वस्तू

१. पेट (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट): विकतच्या पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या, तेलाच्या अनेक बाटल्या. साधारण ७०-७५ अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणून उकळतं पाणी ओतलं की बाटली आक्रसते.

२. एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन): शाम्पू आणि फिनेलच्या बाटल्या, कॅन, मोठे निळे ड्रम. चिवट आणि रसायनांना दाद न देणारं.

३. पीव्हीसी: शेतातले आणि घरातले पाईप, वायरींवरचं आवरण, रेक्झिन. मुळात कडक, पण त्यात मऊपणा आणणारी रसायनं मिसळून लवचीकही करता येतं.

४. एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिलीन): दुधाच्या पिशव्यांसारखं मऊ, पातळ आवरण.

५. पीपी (पॉलिप्रोपिलीन): हॉटेलच्या पार्सलचे डबे, बाटल्यांची अनेक झाकणं, बागेतल्या खुर्च्या, खताच्या विणलेल्या गोण्या. साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पदार्थ बऱ्यापैकी सहन करतं.

६. पीएस (पॉलिस्टायरीन): ठिसूळ, चटकन तुटणारे चमचे-पेले, आणि फुगवलेल्या रूपात थर्माकोल. गणपतीची मखरं ज्याची बनायची तेच हे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

७. इतर: वरच्या सहांत न बसणारं सगळं. पॉलिकार्बोनेट, नायलॉन, एबीएस, मक्यासारख्या पिकांपासून बनणारं पीएलए, आणि अनेक थर एकत्र चिकटवलेली वेफर्सची पाकिटं.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ७ ही प्लास्टिकची जातच नाही, ते 'बाकीचे सगळे' असं खोकं आहे. त्यामुळे '७ वाईट' किंवा '७ चांगलं' या दोन्ही वाक्यांना तसा काही अर्थ उरत नाही.

मग घोटाळा कुठे झाला?

घोटाळ्याचं मोठं कारण म्हणजे आकड्याभोवतीचा त्रिकोण. एकामागे एक धावणाऱ्या तीन बाणांचं चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं होतं. ती स्पर्धा कागदाची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीने ठेवली होती आणि ते चिन्ह पुनर्वापराची खूण म्हणून जगभर ओळखलं जाऊ लागलं. १९८८ मध्ये प्लास्टिकच्या आकड्यांभोवती तसेच बाण घातले गेले. साहजिकच लोकांना वाटलं, की त्रिकोण आहे म्हणजे या वस्तूचा पुनर्वापर होतोच.

प्रत्यक्षात बाणांचा तो त्रिकोण थर्माकोलवरही असायचा आणि पीव्हीसीवरही. हा गैरसमज दूर करायला २०१३ मध्ये अमेरिकी मानकात बदल झाला. बाण काढून त्यांच्या जागी साधा, सलग रेषेचा त्रिकोण आला. पण जुने साचे बदलायला वेळ लागतो, म्हणून बाणांचे त्रिकोण अजूनही सर्रास दिसतात.

दुसरं कारण असं, की वस्तूवर ग्राहकाला दिसणारी ठळक खूण बऱ्याचदा ही एकच असते. मग जो अर्थ आपल्याला हवा असतो, तोच आपण तिला चिकटवतो.

आकडा काय सांगत नाही? निळ्या ड्रमचं उदाहरण

पाणीटंचाईच्या गावांत, चाळींत, बांधकामांवर निळे ड्रम पाणी साठवायला वापरले जातात. यातले बरेच ड्रम जुन्या बाजारातून घेतलेले असतात. नवा ड्रम महाग पडतो, जुना स्वस्तात मिळतो. बुडाशी २ आकडा असतो आणि '२ सुरक्षित' हे मेसेजमध्ये वाचलेलं असतं.

एचडीपीई हे पदार्थ म्हणून चांगलं आहे, यात वाद नाही. पण त्या ड्रममधून आधी काय आलं होतं? निळे ड्रम कारखान्यांत द्रावकं, रंग, आम्लं आणि इतर रसायनं ने-आण करायला वापरतात. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतही असेच ड्रम असतात. दोन्हींवर आकडा २ आणि दोन्ही दिसायला सारखेच.

त्यात आणखी एक अडचण आहे. प्लास्टिक काचेसारखं नसतं. काही सेंद्रिय रसायनं त्याच्या भिंतीत मुरतात आणि नंतर हळूहळू बाहेर पडत राहतात. साबण, सोडा, ऊन यांनी वास जातो, पण मुरलेलं सगळं निघालं याची खात्री देता येत नाही. लोणच्याच्या डब्यात वर्षभर लोणचं ठेवल्यावर त्याचा वास किती धुतला तरी जात नाही, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की लोणच्याच्या वासाने कुणाचं काही बिघडत नाही.

शेतात हा धोका आणखी जवळ असतो. कीटकनाशकांच्या अनेक बाटल्याही याच जातीच्या असतात. रिकामी बाटली धुऊन तिच्यात रॉकेल, तेल किंवा पाणी भरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत वापरलेली पॅकिंग पुन्हा वापरात येऊ नये म्हणून ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी असं सांगितलेलं आहे. बाटलीवरचा २ आकडा ही सूचना रद्द करत नाही.

म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी जुना ड्रम घेताना आकडा नव्हे, तर इतिहास विचारा. त्यात आधी काय होतं हे विक्रेत्याला खात्रीने सांगता येत नसेल, तर तो ड्रम बागेला किंवा बांधकामाला ठीक, पिण्याच्या पाण्याला नाही.

व्हायरल मेसेज आणि वस्तुस्थिती

'१ म्हणजे एकदाच वापरा.' नाही. १ हा फक्त यादीतला क्रम आहे. पेटची बाटली एकदा वापरण्यासाठी बनवलेली असते हे खरं, पण त्याची कारणं वेगळी आहेत. तिचं तोंड अरुंद असतं, आतून नीट घासता येत नाही, गरम पाण्याने धुता येत नाही, त्यामुळे जंतू वाढतात. थंड पाण्यासाठी ती चार दिवस वापरली म्हणून विषबाधा होत नाही. तिच्यावर चरे पडले, ती पिवळट झाली किंवा वास यायला लागला की टाकून द्या.

'पेटमध्ये थॅलेट असतं, म्हणून ते घातक.' हा नामसाम्याचा घोळ आहे. प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट रसायनं वेगळी आणि पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट वेगळं. पेटमध्ये मऊपणासाठी ती घालावी लागत नाहीत. पेट बनवताना अँटिमनी हा पदार्थ उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि उष्णतेत त्याचा अंश पाण्यात उतरण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत दिवसेंदिवस बाटल्या ठेवू नयेत, हा सल्ला योग्य आहे.

'बाटली फ्रीझरमध्ये ठेवली की डायॉक्सिन निघतं.' चूक. थंडीत रसायनं बाहेर पडण्याचं प्रमाण उलट कमी होतं. डायॉक्सिन तयार होतं ते क्लोरीन असलेल्या वस्तू जाळताना. कचऱ्याच्या ढिगाला आग लावणं हा त्याचा खरा धोका आहे.

'७ म्हणजे विष.' या मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ७ मध्ये येणारं पॉलिकार्बोनेट हे बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, या रसायनापासून बनतं. त्याचा अंश अन्नात उतरू शकतो आणि ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतं. म्हणून युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली. अमेरिकेनेही २०१२ मध्ये तशा बाटल्यांसाठीची परवानगी काढून घेतली. भारतीय मानकातही दुधाच्या बाटल्यांसाठी हे प्लास्टिक चालत नाही. पण ७ मध्ये बीपीए नसलेलीही कितीतरी प्लास्टिकं येतात. आपल्याकडे ऑफिसांत दिसणारे २० लिटरचे निळसर कडक जार बरेचदा पॉलिकार्बोनेटचे असतात. त्यांच्या बाबतीत ७ आकड्यापेक्षा जार किती जुना आहे, किती घासलेला आहे आणि उन्हात ठेवलेला असतो का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

मग सुरक्षित काय हे ओळखायचं कसं?

त्यासाठीचा शब्द वेगळा आहे: 'फूड ग्रेड'. एकाच जातीचा दाणा फूड ग्रेड असू शकतो आणि नसूही शकतो. कारण दाण्यात रंग, टिकाऊपणा वाढवणारी रसायनं, भरावाची पावडर असं बरंच काही मिसळतात. खुर्चीच्या पीपीमध्ये जे चालतं ते डब्याच्या पीपीमध्ये चालेलच असं नाही. आकडा मात्र दोन्हीकडे ५ च.

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०१८ चे पॅकेजिंग नियम आहेत. त्यांच्यानुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण घटकांची मर्यादा दर किलोला ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या हिशेबाने दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम इतकी आहे. याची चाचणी ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ, पाणी, सौम्य आम्ल, अल्कोहोल आणि तेलकट पदार्थाची जागा घेणारं द्रावक वापरून केली जाते. त्रिकोणातला आकडा अशा कोणत्याही चाचणीचा निकाल नसतो.

खरेदी करताना या गोष्टी बघा:

- पेला आणि काट्याचं चिन्ह. ही युरोपीय खूण आहे, अर्थ 'अन्नाच्या संपर्कासाठी योग्य'. आपल्याकडच्या डब्यांवरही ती असते.
- 'फूड ग्रेड' असं लिहिलेलं आहे का, आणि उत्पादकाचं नाव-पत्ता आहे का. चिन्ह कुणीही छापू शकतो, म्हणून मागे जबाबदार नाव हवं.
- मायक्रोवेव्हसाठी वेगळी खूण. ५ आकडा म्हणजे मायक्रोवेव्हला परवानगी नव्हे. तेल-तूप आणि साखर असलेले पदार्थ १०० अंशांच्या पुढे तापतात. शक्यतो काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात गरम करा.
- पदार्थ कसा आहे. गरम, तेलकट, आंबट पदार्थ आणि जास्त वेळ साठवण, या चार गोष्टींनी प्लास्टिकमधून अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं. कोरडी डाळ ठेवायचा डबा आणि उकळत्या आमटीचा डबा यांचा हिशेब वेगळा.

याच हिशेबाने सगळ्यात वाईट सवय कोणती, तर पातळ कॅरीबॅगमध्ये उकळता चहा किंवा गरम रस्सा पार्सल आणणं. पिशवी वितळत नाही, म्हणून आपल्याला ती ठीक वाटते. पण तिच्यावर बहुतेक वेळा कुठलीच खूण नसते, ती कोणत्या दाण्याची हे कळत नाही आणि आत पदार्थ उकळता व तेलकट असतो. स्टीलची किटली किंवा डबा घेऊन जाणं हा यावरचा साधा उपाय.

आकड्याचा खरा उपयोग कुणाला?

भंगाराच्या धंद्यात. धारावीत प्लास्टिक निवडणारे कामगार किंवा पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती'च्या कचरावेचक महिला आकडा न बघताही हाताला लागलेल्या वस्तूची जात ओळखतात. वाकवून, फाडून, आवाज ऐकून, चमक बघून. जातीप्रमाणे भाव बदलतो, त्यामुळे ही ओळख म्हणजे त्यांची रोजची कमाई असते.

कारखान्यांत पाण्याचीही मदत घेतात. २, ४ आणि ५ ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगतात. १ आणि ३ बुडतात. घरी करून बघायचं असेल तर पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा कापून भांड्यातल्या पाण्यात दाबून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला जाईल, झाकणाचा वर येईल. दोन्हींची जात वेगळी आहे हे आकडा न वाचताच कळेल.

आकडा असला म्हणजे ती वस्तू पुन्हा वापरात येईलच असंही नाही. १ आणि २ ला बाजारात मागणी आहे. पेटच्या बाटल्यांपासून पॉलिएस्टरचा धागा बनतो. थर्माकोल मात्र जवळजवळ सगळी हवाच, त्यामुळे ते वाहून नेणंही परवडत नाही. वेफर्सच्या पाकिटातले थर वेगळे करणं अवघड असल्याने ती बऱ्याचदा सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून जातात.

तेव्हा पुढच्या वेळी हा मेसेज आला, तर एवढं लक्षात ठेवा: त्रिकोणातला आकडा म्हणजे त्या प्लास्टिकचं आडनाव. आडनावावरून घराणं कळतं, माणूस कसा आहे ते कळत नाही. डबा सुरक्षित आहे का, हे तो कशासाठी बनवला, त्यात आधी काय होतं आणि तुम्ही त्यात काय ठेवणार आहात, यावर ठरतं. तुमच्या ग्रुपवर '७ म्हणजे विष' फिरत असेल, तर उत्तरादाखल निदान निळ्या ड्रमची गोष्ट तिथे जरूर सांगा. तिचा कुणाला तरी खरोखर उपयोग होईल.